गोकर्ण : फूल घरात, पाला गोठ्यात, बी मातीत



मृगाचा पाऊस चांगला झाला की आपल्या हुबळी-धारवाडकडे कुंपणावर, विहिरीच्या काठावर, शाळेच्या तारांवर एक निळ्या फुलांचा वेल चढू लागतो. मराठीत त्याला गोकर्ण किंवा गोकर्णी म्हणतात. शेजारचे कानडी बोलणारे लोक शंखपुष्प किंवा गिरिकर्णिके म्हणतात. संस्कृतात तो अपराजिता. त्याला कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही. पूजेला चार फुले लागली तर तोडावीत, एवढाच त्याचा आपला संबंध.

अलीकडे मात्र या वेलाला एकदम भाव आला आहे. वाळवलेली फुले 'निळा चहा' म्हणून शहरातल्या दुकानांत विकली जातात. साखर उतरते, स्मरणशक्ती वाढते, वजन घटते असे सांगितले जाते. म्हणून काही गोष्टी वेळेवर समजून घेणे बरे. हा वेल शेतात व परसात खरोखर उपयोगी आहे. त्याचे फूल बेताने खाण्याजोगे आहे. पण त्याचे बी व मूळ पोटात जाण्याजोगे नाही. हा भेद ज्या घरात पाळला जाईल त्या घराने गोकर्ण अवश्य लावावा.

ओळख पक्की करा

गोकर्ण शेंगवर्गातला आहे, म्हणजे चवळी, मूग, तूर यांचा भाऊबंद. एकदा लावला की अनेक वर्षे जगतो. पानाच्या एका दांड्यावर पाच किंवा सात लहान पाने असतात. फुलाची एक पाकळी मोठी, गाईच्या कानासारखी पसरट असून तिच्या मध्यभागी पिवळसर-पांढरा डाग असतो. शेंग चपटी, बोटाएवढी लांब. आत सहा ते दहा बिया. वाटाण्याच्या फुलात मोठी पाकळी वर असते, तर गोकर्णाचे फूल उलटे टांगलेले असते. आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीला पराग लागतो तो यामुळेच. पांढऱ्या फुलांचाही गोकर्ण असतो. त्यातून निळा रंग मिळत नाही, इतकेच.

कुंपणावर आणखी दोन वेल दिसतात, त्यांच्याशी गल्लत करू नये. एक कर्ण्यासारख्या आकाराच्या निळ्या-जांभळ्या फुलांचा; त्याचे फूल अखंड असते, पाकळ्या सुट्या नसतात. ते फूल खाऊ नये. दुसरा गुंजेचा. त्याच्या पानाच्या दांड्यावर चिंचेसारखी पुष्कळ बारीक पाने असतात व बी लाल-काळे, सुंदर असते. ते बी चावून गिळल्यास जीव जाऊ शकतो. मुलांना हे दोन्ही वेल प्रत्यक्ष दाखवून समजावून सांगावे.

नावाचाही एक घोटाळा आहे. उत्तरेकडील वैद्य 'शंखपुष्पी' म्हणतात ती जमिनीवर पसरणारी एक वेगळीच लहान वनस्पती. केरळात मात्र शंखपुष्पी म्हणून गोकर्णच वापरतात. आपल्याकडे मराठी व कानडी दोन्ही नावे चालतात, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात 'शंखपुष्पी द्या' म्हटले की कोणती पुडी हातात पडेल याचा नेम नाही. पुस्तकात एका वनस्पतीचा गुण वाचायचा आणि दुसरीचे मूळ उकळून प्यायचे, असे होता कामा नये.

आपल्या जमिनीत तो का येतो

धारवाड जिल्ह्यात दोन तऱ्हेची जमीन आहे. पूर्वेला नवलगुंद, कुंदगोळ, अण्णिगेरीकडे काळे रान. पश्चिमेला कलघटगी, अळणावरकडे तांबडी जमीन व अधिक पाऊस. गोकर्ण दोन्हीकडे येतो. भारी काळी जमीन पुष्कळ वेलांना मानवत नाही, गोकर्णाला मानवते. वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस झाला तरी तो तग धरतो, कारण त्याचे मूळ खोल जाते. उन्हाळ्यात पाने झडून वेल मेल्यासारखा दिसतो, उपटू नये. वळवाचा पाऊस झाला की बुंध्यापासून पुन्हा कोंब फुटतात.

फक्त एक अट आहे. मुळाशी फार दिवस पाणी साचता कामा नये. काळ्या रानात आषाढ-श्रावणात पाणी तुंबते, म्हणून तेथे तो सपाट वाफ्यात न लावता बांधावर किंवा वरंब्यावर लावावा.

सोबत म्हणजे नेमके काय

शेंगवर्गातले पीक शेजारी लावले की नत्र आपोआप शेजारच्या पिकाला मिळते, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. गोकर्णाच्या मुळावरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात, हे खरे. पण वेल जिवंत व वाढीत असेपर्यंत ते नत्र बहुतेक तो स्वतःच वापरतो. शेजारच्या पिकाला त्याचा लाभ होतो तो पाने गळून कुजल्यावर, छाटलेला पाला मातीत घातल्यावर, मुळे मेल्यावर, किंवा पाला जनावराच्या पोटातून शेण होऊन शेतात परत आल्यावर. म्हणून गोकर्ण नुसता वाढू दिला तर शोभा मिळेल. छाटून वापरला तर जमीन सुधारेल. आपल्या वाडवडिलांनी ज्वारीत तुरीच्या ओळी व रब्बीत करडईचे पट्टे घातले, त्यातही नुसते शेजारी उभे करणे नव्हते. प्रत्येकाचे मूळ, उंची व काढणीची वेळ पाहिलेली होती. गोकर्णाचेही तसेच पाहावे.

चवळी किंवा मूग ज्या रानात येतो तेथे गोकर्णाला लागणारे जिवाणू बहुधा असतातच. वेल फुलावर आला की एखादे रोप हळूच उपटून पाहावे. मुळावरची गाठ बोटाने घासताच सुटून आली व कापल्यावर आत गुलाबी दिसली तर काम चांगले चालले आहे. मूळच जागोजाग सुजलेले असेल, गाठ सुटत नसेल, तर ते सूत्रकृमीचे लक्षण समजावे. युरिया घालू नये. नत्र आयते मिळाले की गाठी कमी होतात. थोडे शेणखत व वर्षातून एकदा मूठभर स्फुरदयुक्त खत पुरते.

पेरणी

बियांचे कवच कठीण असते. तशीच पेरली तर थोडी उगवतात आणि बाकीची महिनोन्महिने मातीत पडून राहतात. म्हणून प्रत्येक बी खरखरीत दगडावर किंवा काचकागदावर एका बाजूने थोडे घासावे. बीचा डोळा, म्हणजे शेंगेला चिकटलेली बाजू, घासू नये. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालावे. सकाळी जे फुगले ते पेरावे. न फुगलेले पुन्हा घासावे.

मुंगारी पाऊस लागला की पेरणी करावी. बी एक इंच खोल, दोन बियांत दीड ते दोन हात अंतर. आठ-पंधरा दिवसांत उगवण होते. पहिला दीड महिना रोप सावकाश वाढते. त्या काळात तण काढले नाही तर ते दबून जाते. पुढे मात्र दुसऱ्यांनाच त्याच्यापासून जपावे लागते. आधार मिळाल्यास वेल पुरुषभर उंचीच्या वर सहज जातो.

सोबती कोणते निवडावेत

१. बांधावर गिनी गवत किंवा नेपियर. ही सर्वांत सोपी जोडी. गवत उंच व बळकट, त्याला वेल धरतो. दोन्ही अनेक वर्षे टिकणारी, दोन्ही एकदम कापून गोठ्यात नेता येतात. गवताची एक ओळ व गोकर्णाची एक ओळ अशी लावावी, नाहीतर गवत वरचढ होते.

२. चाऱ्याचा मका किंवा चाऱ्याची ज्वारी. मका उगवून आला की मोकळ्या ओळींत गोकर्ण टोकावा. मका हिरवा कापताना वेलही त्याबरोबर जातो. सुदानमध्ये पाण्याखालच्या शेतीत हा वेल फार पूर्वीपासून चाऱ्यासाठी लावतात. दाण्यासाठी केलेल्या ज्वारीत मात्र लावू नये. ताटे वेलाने बांधली गेली की काढणीचे हाल होतात. आणि एक जुनी सूचना पुन्हा : कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी जनावराला घालू नये, तिच्यात विष असते. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापावी.

३. परसात शेवगा व कारिवणा. दोन-तीन वर्षांच्या, खोड जाड झालेल्या शेवग्यावर एखादा वेल सोडावा. लहान झाडावर सोडू नये. खाली ओलसर सावलीत कारिवणा लावावा. कानडीत यालाच ओंदेलगा म्हणतात व त्याची तंबळी करतात. शेवग्याचा पाला, ओंदेलग्याची तंबळी आणि वर गोकर्णाचे फूल, असे चार हात जागेत तीन जिन्नस मिळतात.

४. कोणाजवळ लावू नये? मिरची, टोमॅटो, वांगी यांच्याजवळ. वेल त्यांच्यावर चढून उजेड अडवतो, आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी या सर्वांना सारखेच लागतात. ब्याडगी मिरचीच्या रानाच्या बांधावरही हा वेल नको. शिवाय मिरची व कापसावर औषधे फवारली जातात. त्या बांधावरचे फूल खाण्याच्या कामाचे नाही.

गोकर्ण शेजारी असला की कीड येत नाही, असेही कोणी सांगतात. वेलाच्या अंगात किडीला नकोशी वाटणारी काही प्रथिने आहेत हे खरे, आणि ऑस्ट्रेलियात त्याच्या अर्कापासून कापसासाठी फवारणीचे औषध बनवून विकले जाते. पण तो कारखान्यात मोजून-मापून केलेला अर्क आहे. वेल नुसता शेजारी उभा राहिल्याने बोंडअळी पळत नाही.

गोठ्यासाठी

२०२३ साली कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. अशा वर्षी दाण्यापेक्षाही वैरणीची ओढ आधी जाणवते. कडबा पोट भरतो, पण त्यात प्रथिने शेकडा ४ च्या आसपासच असतात. गोकर्णाच्या पाल्यात ती शेकडा १५ ते २० पर्यंत असतात. कडब्याच्या कुटीत थोडा पाला मिसळला तर दुभत्या जनावराला जोर राहतो. पाला मऊ असतो व जनावरे आवडीने खातात. सुरुवात मात्र थोड्यापासून करावी, आणि शेंगा पिकण्याआधीच कापणी करावी.

कापताना जमिनीलगत कापू नये. गवताचे कोंब बुंध्यातून येतात, गोकर्णाचे बरेचसे डोळे दांड्यावर असतात. वीतभर दांडा ठेवून कापावे व पुन्हा भरगच्च फुटू द्यावे. शेळ्या मोकळ्या सोडल्या तर त्या दांड्यापर्यंत खाऊन वेल संपवतात. पाला सावलीत वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात उपयोगी पडतो. वाळताना पाने गळतात, म्हणून खाली जुने लुगडे अंथरावे.

हुबळी-धारवाडच्या लोकांना आणखी एक सोय आहे. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या, गवत व चाऱ्यावर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेचे दक्षिण विभागाचे केंद्र धारवाडलाच आहे, आणि गोकर्ण हे त्या संस्थेच्या अभ्यासातले एक चारापीक आहे. कृषी विश्वविद्यालयही १९८६ पासून येथेच आहे. एकरभर लावण्याचा विचार असेल तर आधी तेथे जाऊन विचारावे.

स्वयंपाकघरात

पूर्वेकडील देशांत हे फूल जुने आहे. मलेशियातील केलांतान प्रांतात त्याच्या पाण्यात भात निळा शिजवतात. थायलंडमध्ये लिंबू व मध घालून सरबत करतात. या वेलाच्या शास्त्रीय नावातच तिकडच्या तर्नाते बेटाचे नाव आहे. लिनियस या शास्त्रज्ञाने ते १७५३ साली दिले.

फुले सकाळी, उमलल्याबरोबर तोडावीत. एका दिवसात ती कोमेजतात. देठाकडचा हिरवा भाग काढून टाकावा. बाजारातल्या हारांतील, रस्त्याकडेची किंवा फवारलेल्या रानातली फुले घेऊ नयेत.

पेय : एक कप उकळत्या पाण्यात पाच-सहा फुले पाच मिनिटे ठेवून गाळावे. निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. मुलांना ही जादू वाटते. खरे म्हणजे आंबटपणाने रंग बदलतो, आणि खाण्याचा सोडा घातला तर पाणी हिरवट होते. शाळेतल्या आम्ल-अल्कलीच्या धड्यासाठी याहून स्वस्त साधन नाही.

भात : एक वाटी तांदळाला दहा-बारा फुलांचे गाळलेले पाणी. चव बदलत नाही, रंग बदलतो. सणावारी साखरभातासाठी, नारळाच्या वड्यांसाठी बाजारी रंगाऐवजी हा रंग बरा. फुले सावलीत दोन-तीन दिवस वाळवून झाकणाच्या बाटलीत ठेवावीत.

तब्येतीविषयी खरे काय

हे फूल म्हणजे औषध नव्हे. थायलंडमध्ये २०१८ साली १५ निरोगी पुरुषांना साखरेबरोबर या फुलाचा अर्क दिला, तेव्हा रक्तातील साखर थोडी कमी चढली. प्रयोग चांगला, पण माणसे निरोगी होती व अर्क मोजून दिलेला होता. त्यावरून मधुमेही माणसाने गोळी बंद करावी असे मुळीच निघत नाही. स्मरणशक्तीविषयीचे बरेचसे काम उंदरांवर झालेले आहे. गोळ्या, पथ्य व चालणे सांभाळून एखाद्या दिवशी बिनसाखरेचा निळा कप घेतला तर हरकत नाही. गूळ किंवा मध घालून घेतला तर ते गोड सरबतच झाले, हे मधुमेह्याने विसरू नये.

मोठ्या देशांतही याबाबत एकमत नाही. अमेरिकेने २०२१ साली फुलांच्या पाण्यातील अर्काला काही पदार्थांत रंग म्हणून परवानगी दिली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ साली वाळलेल्या फुलांच्या सुरक्षिततेविषयी हरकत घेतली, कारण वर सांगितलेली किडीला नकोशी प्रथिने. यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सकाळ-संध्याकाळ लोटाभर पिण्याचेही नाही. अति तेथे माती.

पुढील माणसांनी फूलही टाळावे : गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान बाळे. गरोदर सुनेला 'घरचेच आहे, काही होत नाही' म्हणून काढा देणाऱ्या सासूबाईंनी हे ध्यानात घ्यावे. या वेलाच्या मुळाचा उपयोग पूर्वी जुलाबासाठी होत असे, आणि गरोदरपणात तसला प्रयोग धोक्याचा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बी व मूळ कोणीच खाऊ नये. त्यांनी जुलाब व उलट्या होतात. शेंग मटारासारखी दिसल्याने मुले सोलून तोंडात टाकतात. काही देशांत कोवळी शेंग भाजीला घेतात. पण कोवळी कुठे संपते व निबर कुठे सुरू होते हे मुलाला कळत नाही, तेव्हा आपण शेंगेच्या वाटेला न गेलेलेच बरे. मुलाने बिया खाल्ल्याच तर ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. जुलाब होत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे, आणि उरलेली शेंग बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. ती शेंग गोकर्णाची की गुंजेची, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.

विक्रीचा मोह

'एकरभर गोकर्ण लावा, फुले विका' असे सांगणारे भेटतील. हिशोब करून पाहावा. ताज्या फुलात शेकडा ९० च्या आसपास पाणीच असते. एक किलो वाळलेली फुले हवीत तर दहा किलोहून अधिक ताजी फुले तोडावी लागतात; तीही रोज सकाळी, एकेक, हाताने. हे काम घरातल्या बायकामुलींच्या अंगावर पडते आणि हिशोबात मात्र धरले जात नाही. घेणारा कोण, भाव कोणता, माल परत केला तर काय, हे लेखी ठरल्याशिवाय ज्वारी-हरभऱ्याची जमीन यासाठी मोडू नये. बांधावरच्या दहा-बारा वेलांनी घरच्या चार गुरांना पाला व स्वयंपाकाला रंग मिळतो, आणि त्याला जमीन वेगळी लागत नाही.

थोडक्यात ध्यानात ठेवा

पानांवरून व शेंगेवरून ओळख पटल्याशिवाय फूल तोंडात घालू नये. बी घासून, भिजवून, मुंगारी पावसात बांधावर लावावे. गवत, चाऱ्याचा मका व मोठा शेवगा हे सोबती चांगले. मिरची, वांगी, टोमॅटो दूर ठेवावीत. वीतभर दांडा राखून छाटावे व पाला गोठ्यात किंवा मातीत जाऊ द्यावा. मुलांच्या हाताला येणाऱ्या शेंगा पिकण्याआधी तोडाव्यात. बियाण्यासाठी चार शेंगा उंचावर राखाव्यात व तडकण्यापूर्वी काढाव्यात, कारण वाळल्या की त्या फुटून बी दूर उडते. ते बी कागदात बांधून, वर नाव लिहून, धान्याच्या डब्यांपासून वेगळे ठेवावे.